मिस्त्रीला दिलेलं चुंगडीभर धान

माझी मोटरसायकल अड्याळहून निघाली की पवनीच्या लोकांना कळायचं, असा तिचा आवाज. गोसीखुर्दच्या धरणातले मासे त्या आवाजानं वर येऊन काठावर बसायचे आणि मी पुढं गेलो की परत पाण्यात जायचे. हे मी सांगायला लागलो की बायको म्हणते, "मासे नाही, बेडूक होते." बरं, बेडूक. पण येत होते.

गाडीशिवाय माझं चालत नाही, कारण धंदाच तसा. गावोगावच्या गाई-म्हशी माजावर आल्या की मालक मला फोन करतात. कॅरियरवर नायट्रोजनचा डबा बांधलेला, त्यात जातिवंत वळूंचं बीज गोठवून ठेवलेलं. जायचं, गाय भरवायची, चहा प्यायचा, यायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. सरकार म्हणत नाही, पण आजवर एकाही गाईनं माझं सर्टिफिकेट मागितलेलं नाही. या धंद्यात उशीर तेवढा चालत नाही. गाईचा माज ओसरला की मालक तोंड फिरवतो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याला फोन लावतो. म्हणजे माझं पोट गाईवर, गाई गाडीवर, आणि गाडी मिस्त्रीवर.

आणि मिस्त्री मी असे असे पाहिले की विचारू नका. एकाला कुठलीही गाडी दिसली की तो म्हणायचा, "इंजिन खोलावं लागते." मी त्याच्याकडं एकदा सायकलनं गेलो, तेव्हाही त्याची नजर इंजिन शोधत होती. भंडाऱ्याच्या दुसऱ्यानं गाडी इतके दिवस ठेवून घेतली की सीटखालच्या खाचेत कोंबडीनं अंडी घातली. मी गाडी न्यायला गेलो तर म्हणाला, "थांबा ना भाऊ, पिल्लं निघू द्या." तिसऱ्यानं ब्रेक दुरुस्त केला तर हॉर्न गेला, हॉर्न दुरुस्त केला तर लाइट गेला, लाइट दुरुस्त केला तर तो स्वतःच गेला, सुरतेला, कामाला.

शेवटी मी आमच्याच गावातल्या मिस्त्रीकडं गेलो. आजवर त्याला टाळत होतो, कारण तो गिऱ्हाइकांवर ओरडतो. बाजाराच्या रस्त्यावर दुकान, दुकानाला लागून घर, घराच्या दारात त्याची म्हातारी माय सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली. त्याचा बाप गावचा लोहार होता. नांगराचे फाळ तोच भट्टीत तापवून, ठोकून शेवटायचा, म्हणजे धार काढायचा. पोरगा मोटरसायकलींवर आला, पण हातोडा बापाचाच वापरतो आणि आवाजही बापाचाच.

"काय झालं?" तो ओरडला.

"आवाज येऊन राहिला."

"गाडीचा का तुमचा?"

मग त्यानं गाडीकडं न बघता माझीच झडती घेतली. काल कुठं गेलते, मागं कोण बसलं होतं, बायको बसली का पोतं, कोणत्या दगडावरून घातली. मग गाडी घेतली, तलावाच्या पाळीपर्यंत गेला आणि तोंड मिटून परत आला. मी मनात पैशांची जुळवाजुळव करत उभा.

"काही नाही झालं," तो म्हणाला. "स्टँडची स्प्रिंग ढिली होती, लावली. जा."

"पैसे?"

"कायचे?"

काही झालं नाही असं सांगणारा मिस्त्री! मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. पुढं दोन-चारदा त्यानं खरंच काम काढलं, तेव्हा नेमके पैसे घेतले आणि जुना पार्ट पेपरात गुंडाळून हातात दिला. "घरी न्या. पूजा करा याची, लय सोसलं यानं." मला कळून चुकलं की आपल्याला माणूस भेटला. आता याला हातचा जाऊ द्यायचा नाही. म्हणजे याला काहीतरी वर द्यायला पाहिजे. पण काय आणि कसं, इथून माझ्या डोक्याचं जे वाटोळं सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

बायको म्हणाली, "हॉटेलात पोरांले देता तसे द्या वरचे." बाबूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं तर ते खाटेवर उठून बसले. "मजुरी ठरलेली द्यायची, पुरी द्यायची अन् हातात द्यायची. वरचं कायले? तो का भीक मागून राहिला?"

मी बायकोचं ऐकलं. वर म्हणून एक नोट सीटवर ठेवून निघालो. गावाबाहेर पोचलो नाही तर मागून दुसऱ्याच कोणाच्या गाडीवर मिस्त्री, आणि असा भोंगा वाजवत की रस्त्यावरच्या म्हशी धानाच्या बांध्यांत उतरल्या. "पैसे सांडत फिरता का जी? मंग म्हणाल मिस्त्रीच्या दुकानातून गेले!" दुसऱ्यांदा मी म्हणालो, "सुट्टे राहू द्या." तर म्हणाला, "काहून? मले सुट्टे भेटत नाही का?" आणि समोरच्या पानठेल्यावरून सुट्टे आणून माझ्या खिशात कोंबले. तिसऱ्यांदा चहा पाजायला गेलो, तर टपरीवाल्यानं त्याचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत. मिस्त्रीनं आधीच डोळा मारून ठेवला होता.

त्या हंगामात आमचं धान बरं झालं. कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले होते, ते खऱ्यावर, म्हणजे खळ्यावर, चुरून दाणे घरात आले, आणि मला एकदम सुचलं. पैसा नको म्हणतो ना? धान द्यावं. नव्या धानाला कोण नाही म्हणेल? छोट्या पोत्यात चुंगडीभर भरलं, गाडीवर घातलं, आणि भरबाजारात मिस्त्रीच्या दुकानासमोर उतरवलं.

"खुशीनं आणलं," मी म्हणालो.

मिस्त्री ओरडला नाही. हात पुसत नुसता उभा राहिला. पण माय उठली. पदर सारखा केला, चुंगडीचं तोंड सोडलं, वास घेतला, धान सुपात घेऊन पाखडलं, आणि मग त्यातली एक मूठ भरून माझ्यापुढं धरली. "घे बापू. कोठी भरली राहू दे." मी ओंजळ पुढं केली. तिनं समाधानानं मान हलवली, बाजारातल्या दोन म्हाताऱ्यांनीही हलवली. मला वाटलं, अरे वा, किती चांगली रीत. मूठ शर्टाच्या खिशात टाकून मी शीळ घालत घरी आलो.

पुढच्या आठवड्यात ऑइल बदलायला गेलो. काम झालं, पैसे काढले.

"ठेवा," मिस्त्री म्हणाला. तोंड कडू.

"काहून?"

"ते तं आले."

"कधी आले?"

त्यानं दाराकडं पाहिलं. दारात माय. नंतर क्लचची वायर टाकली, पैसे नाही. टायरट्यूब टाकली, पैसे नाही. मला वाटलं, या माणसाचा माझ्यावर जीव जडला. मग वाटलं, रागावला आहे आणि मला लाजवतो आहे. मग वाटलं, हा मरायला टेकला असेल आणि सगळी पुण्याई माझ्याच गाडीवर खर्च करत असेल.

इकडं बायकोनं शर्ट धुताना खिशातलं धान काढलं आणि बाबूजींसमोर आपटलं. "यायच्या खिशात आता चिमण्या ठेवा." बाबूजींनी ते धान पाहिलं आणि कुठून आलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. ते आधी इतके हसले की ठसका लागला, आणि मग इतके चिडले की हसू परत घेतलं.

"तुनं त्याले लावून घेतलं," ते म्हणाले. "लोहाराले खऱ्यावरचं धान दिलं अन् त्याच्या घरच्या बाईनं मूठ वापस देल्ली, म्हणजे वर्षाचं पक्कं झालं. वर्षभर तुहं लोखंड त्याच्याकडं. त्यानं पैसे मांगायचे नाही, तुनं दुसऱ्याकडं जायचं नाही."

"मी तं खुशी देल्ली होती."

"खुशी! माह्या बापानं बौद्ध झाल्यावर लोकाइच्या खऱ्यावर जाऊन धान घेणं सोडलं. म्हणे, मजुरी घेईन तं मोजून घेईन. अन् तू नातू असून धान देऊन बांधून ठेवायले निघाला का कोणाले?"

आजोबांनी घेणं सोडलं होतं, देण्याबद्दल ते काही बोलले नव्हते, असं मी म्हणणार होतो, पण बाबूजींच्या हाताशी काठी होती.

आणि मग खरी पंचाईत आली. गाडी खडखडायला लागली. मागून असा आवाज, जसं कोणी टिनाच्या छपरावर आवळे ओततं आहे. मी मिस्त्रीकडं गेलो. तो पाळीपर्यंत गेला, परत आला.

"गाडीले काही नाही झालं. जा."

तेच शब्द. ज्या शब्दांवर मी या माणसावर विश्वास टाकला, तेच. पण या वेळी ते शब्द माझ्या कानात भलतेच वाजले. आधी "काही नाही झालं" म्हणताना त्याचं नुकसान होतं. आता "झालं" म्हटलं तर नुकसान, कारण फुकट करावं लागेल! म्हणजे हा खरं बोलतो आहे की कंटाळला आहे? मी धान दिलं आणि त्याच्या तोंडातलं एकच खरं वाक्य घाण करून बसलो. आवाज तर वाढतच होता. एका गावी पोचलो तर मालक म्हणाला, "डॉक्टर, तुमचा आवाज ऐकून गाय दावं तोडून पळाली. तिले आधी शोधा, मंग भरवा." वाटेत गाडी बंद पडली तर धंदा बसला. मिस्त्रीवर विश्वास ठेवावा तर गाडी जायची भीती, न ठेवावा तर मिस्त्री.

घाबरून मी चोरासारखा दुसऱ्या गावच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं चाक खोललं, लावलं, आणि काय म्हणाला असेल? "इंजिन खोलावं लागते." तिथून पळालो.

अड्याळात पोचलो तर आमचा मिस्त्री रस्त्यातच उभा. त्यानं हात केला. मी थांबलो. तो खाली वाकला आणि चाकाच्या नटाकडं बघत राहिला.

"हा पाना माहा नाही," तो म्हणाला. "कोणं हात लावला?"

मी म्हणालो, "वाऱ्यानं ढिला झाला असेल."

"वारा पाना घेऊन फिरते का?"

तो ओरडत नव्हता. त्यानं ओरडावं असं मला पहिल्यांदाच वाटलं. तो म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या गाईले दुसऱ्यानं येऊन पाहिलं तं तुमाले कसं वाटते?"

"मंग पैसे काहून नाही घेत?" मीच ओरडलो. "पैसे घेतले असते तं मी तुमच्यावर भरवसा ठेवला असता! आता तुम्ही काही नाही झालं म्हणता अन् मले वाटते तुम्ही फुकटचं टाळून राहिले!"

मग त्यानं मला धरून पाळीकडं नेलं, जिथून दुकान दिसत नाही.

"मले का पैसे नको आहे?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "टायर मी का झाडाचा तोडून आणतो? पण मायनं मूठ देल्ली ना जी. ती दारातच बसली राहते. पैसे घेतले तं म्हणते, बापाचं नाव बुडवलं. तुमाले कोणं सांगितलं होतं धान आणायले?"

"मी तं खुशी म्हणून आणलं."

"खुशी अशी चुंगडीत भरून आणते का कोणी?"

आम्ही दोघंही तलावाकडं बघत उभे राहिलो. दोघांनाही पुढं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि तेवढं तरी आमचं जुळलं होतं. मग मी म्हणालो, "आता खरं सांगा. आजच्या कामाचे पैसे मी इथंच देतो. आवाज कायचा आहे?"

त्यानं परत गाडी चालवली. कान मागं करून, हळू. आला आणि म्हणाला, "तेच. गाडीले काही नाही झालं." पैसे दिसत होते, तरी तेच.

माझ्या छातीतून एवढा मोठा श्वास निघाला की तलावावर लाटा उठल्या. पण आवाज? तो हसला. "आवाज तुमच्या डब्याच्या पट्टीचा आहे. ती कुठून लावून आणली होती? वेल्डिंग सुटलं तिचं."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही गाडीचं विचारलं. डबा कुठं धानात येते? सांगितलं असतं तं तुम्ही म्हणाले असते, लावून द्या."

मी म्हणालोच असतो. आता हा माणूस खरा की लबाड? तो खोटं बोलला नव्हता. पण सगळं खरंही बोलला नव्हता. मी बराच विचार केला आणि ठरवलं की गाडी याच्याकडंच द्यायची, कारण निदान हा कुठं लबाडी करतो ते तरी मला आता ठाऊक आहे.

पट्टीला वेल्डिंग झालं. पैसे मी पाळीवरच दिले, तेव्हापासून तिथंच देतो. आणि धानाचं? ते बंद करावं तर माय विचारणार. म्हणून हंगाम झाला की चुंगडी जातेच. बाबूजी तोंड फिरवून बसतात, बायको खिसे तपासते. आता कामाचे पैसे वेगळे आणि धान वरचं, म्हणजे मी शेवटी त्याला वरचं देतोच आहे की काय? मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, "मले नका विचारू, मायले विचारा." मायला कोण विचारणार!

परवाच चेन बदलली. पाळीवर पैसे देऊन आम्ही दोघं दुकानात आलो, हात झटकत, इकडं तिकडं बघत. दारातून मायचा आवाज आला.

"डॉक्टर, यानं तुमाले पैसे तं नाही ना मांगितले?"

"नाही माय!" आम्ही दोघं एकदमच बोललो.

तिनं सूप खाली ठेवलं आणि आधी पोराकडं, मग माझ्याकडं बघितलं. "मंग तलावावर रोज काय पाहायले जाता रे दोघं?"