दहा मोजा, काका

लाइट गेली की आमच्या शेजारच्या ताईचा चेहरा खुलायचा. बाकीचे लोक पंखा बंद पडला म्हणून शिव्या घालत गॅलरीत यायचे आणि ही आतून कडी लावून बॅटरीवरच्या कॉम्प्युटरसमोर बसायची. पण आमच्याकडे लाइट क्वचितच जायची आणि तिला तर ती रोज जायला हवी होती. म्हणून ते काम तिने मला दिलं.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग. मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशवर राबून घरी बसलेला. घरात मी आणि आमची ही, दोघंच. शेजारी ताई भाड्याने आली. तिशी उलटलेली, एकटी, कामाला कुठे जात नाही, दिवसभर दार बंद. लोकांना जे बोलायचं ते बोलून झालं. आमची ही दुसऱ्या दिवशी पोळीभाजी घेऊन आत गेली आणि तासाभराने येऊन म्हणाली, "पोरगी चांगली आहे. फक्त फार घाबरते."

घाबरायची हे खरं. कुलूप लावून जिन्यापर्यंत जायची आणि परत येऊन ओढून बघायची. जवळच्या डोंगरी गावातून भाजी घेऊन एक बाई यायची. ताई तिला काय हवं ते सांगायची आणि मग तिच्याकडून परत वदवून घ्यायची. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "न्हाय गो विसरत, दोनच तर वस्तू हायत." आमची ही म्हणायची, हिचं लग्न झालं तर सात पावलं झाल्यावर परत मोजायला लावेल. ताई हसायची, पण सवय काही सुटली नाही. "सांगितलं म्हणजे पोचलं असं नसतं, काका. परत वाचून बघितल्याशिवाय खरं धरायचं नाही."

तिचं काम मला कळलं ते आमच्या हिच्यामुळे. लिनक्स म्हणून कॉम्प्युटरची एक व्यवस्था आहे, ती जगभरची माणसं मिळून बनवतात. त्यातलं डिस्कचं खातं ताईकडे. डिस्क म्हणजे कॉम्प्युटर सगळं जपून ठेवतो ती जागा. ताईने हिला विचारलं, काकू, तुमचे तांदूळ तीन डब्यांत आहेत, पण काकांनी विचारलं तर तांदूळ आहेत एवढंच सांगता ना? तसं चार डिस्क मिळून एकच मोठी आहे असं कॉम्प्युटरला भासवायचं आणि कुठल्या डब्यात काय आहे त्याची यादी आपण सांभाळायची. जागा पुरेना झाली की नवा डबा जोडायचा. एखादा गंजायला लागला तर त्यातलं सगळं दुसऱ्यात हलवायचं, तेही शेगडी बंद न करता. हे हलवण्याचं काम ताईने लिहिलेलं होतं, त्यात तिची तीन वर्षं गेलेली. हिला लगेच समजलं. मला अजून अर्धंच समजलंय.

मग परदेशातल्या एका लहान वाचनालयातून ताईला निरोप आला. हलवाहलव चालू असताना त्यांची लाइट गेली आणि आली तेव्हा निम्म्या नोंदी बिघडलेल्या होत्या. लिनक्सवरचे तिच्या बरोबरचे लोक म्हणाले, त्यांची डिस्कच भंगार असणार, सोडून दे. ताई सोडेना. "कुणाचं तरी आहे ते, काका," एवढंच म्हणायची. ज्याचं तोंड बघितलेलं नाही त्या माणसासाठी तिला जेवण जाईना. शेवटी असं ठरलं की महिन्याभरात दोष सापडला नाही तर ताईचा तो भागच काढून टाकायचा. तीन वर्षं पाण्यात. पण तिला भीती तीन वर्षांची नव्हती. आणखी कुणाकुणाचं बिघडलंय आणि त्यांना अजून कळलेलंही नाही, ही होती.

तोच बिघाड डोळ्यांसमोर घडावा म्हणून ताई घरी दिवसभर हलवाहलव चालू ठेवायची आणि मध्येच लाइट घालवून बघायची. तिच्या चार डिस्क एका लोखंडी पेटीत होत्या. त्या पेटीची वायर तिने खिडकीतून ओढून आमच्या भिंतीवर आणली आणि मी तिथे बटण बसवलं. कॉम्प्युटर तिच्या खोलीत बॅटरीवर चालू. बटण दाबलं की फक्त पेटी बंद. मी म्हटलं, तूच का दाबत नाहीस? तर म्हणाली, "माझा हात थांबतो. आत काय चाललंय ते मला दिसतं, म्हणून नको त्या वेळी मी बंदच करत नाही. तुम्हाला काही कळत नाही, म्हणून तुम्हीच पाहिजेत." अडाणी आहे म्हणून मला काम मिळालं ते आयुष्यात त्या एकदाच. नियम दोन. वाटेल तेव्हा बंद करायचं, तिला सांगायचं नाही. आणि चालू करायच्या आधी दहा मोजायचे.

दिवसातून वीस-वीस वेळा मी बटण दाबायचो. दाढी करताना, पेपर वाचताना, जेवता जेवता डाव्या हाताने. दर वेळी दहा मोजायचो, गाळ्यात डझन मोजायचो तसे, ओठ हलवत. संध्याकाळी ताई यायची आणि रडक्या तोंडाने सांगायची, आजही सगळं नीट आहे. नीट आहे म्हणून रडणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

महिना संपायला पाच दिवस उरले होते. सकाळी मी बटण बंद केलं आणि मोरीतून हिने हाक मारली, "अहो." तेव्हा हिला मधूनमधून चक्कर यायची. मला वाटलं, पडली. बोट बटणावरच होतं, तसंच खट्कन चालू केलं आणि धावलो. तर ही म्हणते, साबण संपलाय. मी तोंडाला येईल ते बोललो तिला.

तासाभराने ताई दारात. पांढरी फटक. म्हणाली, बिघडलं, पण का बिघडलं ते कळत नाही, आज वेगळं काहीच नव्हतं. मला वाटलं, खट्कन चालू केल्याने मीच तिची पेटी जाळली. दोन दिवस गप्प राहिलो. ताई खिडकीतून दिसायची, केस न विंचरलेले, कॉम्प्युटरच्या पडद्याला डोळे लावलेले. मी ताट तसंच सारायचो. हिने कोंडीत पकडलं तेव्हा सांगितलं. ही म्हणाली, "आत्ता उठा. नाहीतर मी जाऊन सांगते."

गेलो. "ताई, परवा मी दहा मोजले नाहीत."

तिने मान वळवली. "किती मोजले?"

"एकसुद्धा नाही."

ती खाली फरशीवरच बसली. मला वाटलं, आता रडणार. तर म्हणाली, "काका, परत करा. अगदी तसंच."

मी घरी येऊन खट्‌खट् केलं. खिडकीतून आवाज आला, बिघडलं. परत केलं. बिघडलं. सात वेळा केलं, त्यात पाच वेळा बिघडलं आणि दर वेळी ती पेढे वाटल्यासारखी सांगत होती.

तिने मग समजावलं. डिस्क कॉम्प्युटरला लिहिलं म्हणून सांगते, पण ते काही वेळ नुसतं तिच्या हातात असतं. दहा मोजेपर्यंत पेटी गेल्याचं कॉम्प्युटरच्या ध्यानात यायचं, तो सावध व्हायचा. पापणी लवते तेवढ्यात गेली आणि आली तर त्याला पत्ताच नाही. हातातलं सांडलेलं, आणि हा पुढे चाललाय. वाचनालयातही कॉम्प्युटर बॅटरीवर होता आणि लाइट क्षणभरच गेली होती. "पेटीला इजा होऊ नये म्हणून दहा मी सांगितले होते," ताई म्हणाली. "माझ्या भीतीनेच झाकून ठेवलं होतं ते."

तीन दिवसांत तिने दुरुस्ती केली. तिचा भाग राहिला. वाचनालयवाल्याचाही निरोप आला, आता पुन्हा होत नाही म्हणून. त्या लोकांत एक रीत आहे. दुरुस्ती ज्याच्यामुळे झाली त्याचं नाव त्या दुरुस्तीखालीच लिहितात. ताई माझं पूर्ण नाव विचारायला आली. मी म्हटलं, माझं नको, हिचं घाल. हाक हिने मारली. ताई म्हणाली, तिथे खोटं लिहिता येत नाही. गेली. संध्याकाळी परत आली आणि हिला समोर बसवून वकिलासारखं विचारलं, तुम्ही हाक मारली नसती तर काकांनी दहा मोजले असते?

"मोजलेच असते," ही म्हणाली. "दिलेलं काम अर्धं टाकणारा माणूस नाही हा."

मग हे खरं आहे, म्हणाली ताई. तिने वत्सला असं हिचं नाव लिहिलं, पुढे माझं आणि आडनाव, आणि दोनदा वाचून दाखवलं. ही पदर तोंडाला लावून हसत होती. साबणाचं पण लिहिणार का, म्हणाली.

पुढच्या वर्षी एका कंपनीने ताईला नोकरीसाठी बंगळूरला बोलावलं. जाताना वायर काढली. बटण राहू दे, असं हिने सांगितलं. रिक्षा उभी असताना ताई रिकाम्या खोलीचं कुलूप ओढून बघायला परत आली.

मागच्या वर्षी ही गेली. त्यानंतर मी ठिकठिकाणी एकच काम करत फिरलो. रेशनकार्ड, मतदार यादी, बँक, सोसायटी. सगळे म्हणतात, काका, नाव कमी करावं लागेल, आणि बोट ठेवून दाखवतात सही कुठे करायची ते. केल्या सह्या. शेवटची करून घरी आलो, भिंतीवरचं बटण दिसलं आणि आठवलं, हिचं नाव अजून एका जागी आहे. ताईला फोन लावला.

"ताई, तिथलंही कमी करावं लागतं का?"

ती म्हणाली, "नाही काका. तिथून कुणाचंच काढत नाहीत." आणि लगेच, "थांबा. वाचून बघते."

तिकडे कीबोर्डची बटणं वाजायला लागली. मी फोन कानाला धरून मोजत होतो. सातला तिने नाव वाचलं, पूर्ण नाव, माझ्यासकट.

मी म्हटलं, परत वाच.