ड्रायव्हिंग मास्तरांचं पोट

श्वासतपासणीच्या खोलीत मास्तर पहिल्यांदा शिरले तेव्हा तिथल्या तपासनीस बाईंना वाटलं, इस्पितळ विकायला काढलंय आणि हे गिऱ्हाईक पाहायला आलंय. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मास्तरांनी आधी कॉरिडॉरमधली सगळी दारं एकेक करून ढकलली. एका दारामागे मोठ्या डॉक्टरांची सभा भरली होती, तिची माफी मागितली. शेवटी हवं ते दार सापडलं. आतून कडी लावून पाहिली, काढून पाहिली, नळ सोडला, फ्लश ओढला. तो असा गरजला की शेजारच्या वॉर्डात कित्येक दिवस हूं की चूं न करणारा पेशंट "काय झालं?" म्हणून उठून बसला म्हणतात. मग तिथून खोलीपर्यंतचं अंतर ढांगा टाकून मोजलं, खुर्चीत टेकले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "ठीक आहे बाई, करा सुरू."

"काका, तुम्ही प्लंबर आहात का?"

"नाही हो, पेशंट. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो."

यात मास्तरांची काही चूक नव्हती. ऐन पंचविशीत बिघडलेलं त्यांचं पोट पन्नाशी उलटली तरी ताळ्यावर आलं नव्हतं. कधी चार दिवस फुटबॉलसारखं फुगून बसायचं, तर कधी भर चौकात सिग्नल लाल असताना हिरवा झेंडा दाखवायचं. त्यामुळे मास्तर शिकवायचे ते रस्ते त्यांनी नाही, पोटानं ठरवले होते. शहरातली निम्मी माणसं गाडी शिकली ती एका शौचालयापासून दुसऱ्या शौचालयापर्यंत. मास्तरांच्या शिष्यांना घाट चढता येत नाही, हायवे दिसला की हातपाय गार पडतात. पण सार्वजनिक शौचालयासमोर एका झटक्यात गाडी लावावी तर त्यांनीच.

राहायला गॅरेजवरची एक खोली. खाली दिवसभर पत्रे ठोकले जायचे, पण संडास खोलीला लागून होता, म्हणून मास्तरांना तो राजवाडा. लग्न एकदा ठरत आलं होतं. पण मुलीच्या घरी मास्तर जेवढा वेळ बसले त्यातला बराचसा बाथरूममध्ये बसले, आणि मुलीच्या वडिलांना ते रुचलं नाही. मित्र जेवायला बोलवायचे, सहलीला बोलवायचे. मास्तर म्हणायचे, "आलो असतो रे, पण पोट." हळूहळू मित्रांनी विचारायचंच सोडलं. मास्तरांना त्यात जरा सुटल्यासारखं वाटलं, आणि मग बरीच वर्षं तसं काही वाटलं नाही.

उरली एक ताई. थोरली बहीण, बसनं नऊ तासांच्या अंतरावर राहायची. दर रविवारी सकाळी तिचा फोन.

"पोट कसं आहे?"

"कालपासून गुरगुरतंय."

"काय खाल्लंस?"

"काही नाही गं, अर्धी काकडी."

"काकडी! अरे, तुला अक्कल आहे का?"

तिथून जे सुरू व्हायचं ते अर्धा तास. काकडीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून लहानपणी मास्तरांनी गिळलेल्या बटणापर्यंत. वर्षातून एकदा ताई स्वतः यायची, पिशवीभर चूर्णं घेऊन. या वर्षी मात्र तिनं फोनवर सांगितलं, "माझा गुडघा गेला रे. आता मी यायची नाही. तू ये."

"ताई, नऊ तासांची बस. मधे थांबते एकदाच."

"मग विचार तुझ्या पोटाला, बहीण हवी की नको." आणि फोन ठेवला.

मास्तर त्या दिवशी बराच वेळ फोनकडे बघत बसले. खाली गॅरेजला सुट्टी होती, त्यामुळे खोलीत कसलाच आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी ते नव्या डॉक्टरांकडे गेले.

आधीचे सगळे डॉक्टर "मनाचं आहे, आराम करा" म्हणून सही ठोकायचे. या डॉक्टरांनी निदान नाव तरी दिलं: इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडकं आतडं. मास्तरांना ते पटलं. घरात चिडायला दुसरं माणूसच नव्हतं. कुणीतरी ते काम अंगावर घ्यायलाच हवं होतं.

"पण कधीकधी या चिडण्यामागे एक कारण लपलेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या आतड्यात राहायचे जंतू लहान आतड्यात मुक्काम ठोकतात. साखर मिळाली की वायू सोडतात. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि श्वासात सापडतो. साखर प्यायल्यावर लवकर सापडला, तर औषध देऊन बघता येईल."

"म्हणजे घुसलेले भाडेकरू."

"तसंच समजा."

"आणि नाही सापडला तर?"

"तर आहे तसंच सांभाळायचं."

म्हणून आदल्या दिवशी नुसता भात खाऊन, रात्रभर उपाशी राहून मास्तर आता या खुर्चीत बसले होते. बाईंनी नळी तोंडाशी धरली. मास्तरांनी छाती फुगवली आणि असे फुंकले की टेबलावरचे कागद भिंतीला जाऊन चिकटले.

"काका! हे पोलिसांचं दारूचं यंत्र नाही. सावकाश सोडा. मला शेवटची हवा हवी, अगदी तळाची."

मास्तरांनी श्वास घेतला आणि धरून ठेवला. धरला तो धरलाच. चेहरा लाल झाला.

"सोडा ना!"

"सुटत नाही हो," मास्तर धापा टाकत म्हणाले. "शेजारी शिकाऊ बसला की वळणावर श्वास आपोआप धरला जातो. इतकी वर्षं तेच केलं. सोडायला सवडच मिळत नाही, तोवर पुढचं वळण येतं."

बाई हसल्या. मग बघतात तर काय, मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबून धरत होता. "तो पाय आधी उचला," त्या म्हणाल्या. पाय उचलला आणि श्वास सुटला, तळापर्यंत.

मग गोड पाणी प्यायचं आणि दर वीस मिनिटांनी फुंकायचं. मधे झोपायचं नाही, फिरायचं नाही, खायचं नाही. बोलायला बंदी नव्हती. मास्तर बोलत सुटले. शिष्यांबद्दल, ताईबद्दल, बटणाबद्दल. आपण इतकं बोलू शकतो हे त्यांना त्या तीन तासांत कळलं.

"सोबत कोणी आलं नाही?" बाईंनी विचारलं.

"आलंय की," मास्तरांनी पोटावर थाप मारली. "हे असतंच."

यंत्रावरचे वायूचे आकडे मात्र दुसऱ्या तासाच्या आधीच जिन्यासारखे चढले. भाडेकरू सापडले. निघताना बाई म्हणाल्या, "परत इथं येऊ नका म्हणजे झालं, काका." आशीर्वादच तो, पण मास्तरांना जिना उतरताना थोडा लागला.

औषधानं जादू झाली नाही, पण दोन आठवड्यांत पोट गप्प बसायला शिकलं. मास्तरांनी त्याला रीतसर लायसन्सची तयारी करायला लावली. आधी बसनं दोन थांबे. मग शहराच्या टोकापर्यंत. मग एक दिवस, आयुष्यात पहिल्यांदा, एका शिष्याला हायवेवर घेऊन गेले. शिष्य रडला, पोट नाही. त्याच आठवड्यात मास्तरांनी ताईकडचं तिकीट काढलं आणि नऊ तास खिडकीशी बसून, उजवा पाय उचलून धरून, ते पोचले.

ताईनं काठी टेकत दार उघडलं. डोळे पुसले. दोघं जेवले. मास्तरांनी दोनदा वाढून घेतलं.

"पोट कसं आहे?" ताईनं विचारलं.

"छान आहे."

"अगदी काही नाही?"

"काही नाही."

"बरं झालं हो," ताई म्हणाली. मग तिनं टेबलावरचा चमचा सरळ केला. मास्तरांनी तिच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा तसाच होता. पंखा फिरत होता, तो दोघांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ताईच्या नळाचा वायसर बदलून दिला. संध्याकाळी ताईनं आशेनं विचारलं, "दही बाधलं नाही ना?" नव्हतं बाधलं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मास्तर परत आले.

ताईचा फोन अजूनही दर रविवारी येतो. दोन मिनिटांत संपतो.