चटईवर बसणारी नर्सबाई

आमच्या मुकुटबनात बाहेर बसलेल्या बाईच्या चटईले कोणी शिवत नव्हतं. नर्सबाई मात्र सरळ येऊन मांडी घालून बसे. माही सासू मंग तिच्यावर गोमूत्र शिंपडे. बाई पदरानं तोंड पुसे न् म्हणे, "अजून टाका माय, ऊन लई आहे."

माह्या लग्नाले चार वर्सं झालती, पोर नव्हतं. दर महिन्याले पोटात असं पिळे का मी दात दाबून पडून राहो. सासू म्हणे, "ज्या पोटात एवढं दुखते त्यात पोर कायचं राह्यते?" तिनं दुसरी सून पाहून ठेवली होती.

"दुसरी आणा, पण हिचं दुखणं तं पाहू द्या आंधी," नर्सबाई म्हणे. मले लिव्हता येत नव्हतं. तिनं शिकवलं, घरातल्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढाची. पाळीच्या दिवशी गेरूची. दुखलं तं त्या रेघेवर आडवी काट.

दोन महिन्यांनी बाई आली. भिंत पाहून तिचं हासणंच गेलं. "लाल रेघा साऱ्या कोऱ्या, न् काट काळ्या रेघेवर? पाळी गेल्यावर दुखते तुले? हे बरं नाही."

"नाही बाई. दुखते पह्यल्याच दिवशी. पण बाहेर बसल्यावर घरात कशी येऊ? लाल रेघा सासूनं ओढल्या. काट मी पाचव्या दिवशी न्हाऊन आल्यावर मारली."

बाई भिंतीले टेकून हासली. "अवं, तू तं मलेच बिमार पाडत होती."

मंग तिनं खोदून खोदून इचारलं. मधात कधी दुखते का? नवऱ्यापाशी दुखते का? पह्यल्या पाळीपासून आहे का आता आता? म्या सांगतलं, चौदाव्या वर्सापासून आहे, न् दुसऱ्या दिवशी काहीच नसते. तरी तिनं मले यवतमाळले नेलं. डाक्तरीणबाईनं पोट दाबून, आतून तपासून पाह्यलं. गाठ नाही, सूज नाही. पिशवी आवळते म्हणून कळ येते म्हणे. गोळ्या देल्या, शेक सांगतला.

"याच्यानं पोर अडत नाही," नर्सबाईनं सासूले सांगतलं. "आता तुमच्या पोराले तपासा."

सासूनं ते काही आयकलं नाही, पण दुसरी सून आणाची राह्यली. वर्साच्या आत माही पोरगी झाली.

पोरगी चालाले लागली तवा बाईची उमरखेडले बदली झाली. सासू मोटारीपाशी भाकरी घिऊन आली. भाकरी देली, पण बाईच्या पेटीची कडी काही सोडेना.

"काय झालं माय?"

सासू खाली पाहून म्हणे, "मलेबी दुखते. पाळी नसली तरी दुखते. तीन वर्सं झाली."

ड्रायव्हर भोंगा वाजवून राह्यला होता. नर्सबाईनं पेटी खाली ठेवली न् त्याले हातानंच जा म्हणलं. दुपारच्या मोटारीनं त्या दोघी यवतमाळले गेल्या.