‘चहा दोन’ उचलायचा राहिला

“मॅडम, मी गाभण हाय का न्हाय, ते गुरुवारी कळणार म्हणं. व्हय?”

मंगळवारी सकाळी साडेदहाला ऑफिसचा फोन उचलला, तर पलीकडून एक दणदणीत आवाज हे विचारत होता. राँग नंबर असेल, कुठल्या तरी दवाखान्याचा, असं मला वाटलं. पण आवाज पुरुषाचा होता.

“कोण बोलतंय?”

“आनंदराव. दूध संघाचा चेअरमन. न्हाय, चुकलं माझं. तुमच्या मेसेजपरमाणं मी म्हैस हाय. चेअरमन आमची रत्ना हाय.”

मग त्यांनी मला त्यांच्या मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. एकेक शब्द सुटा करून, सावकाश.

“नमस्कार रत्ना. आपली म्हैस आनंदराव हिची गाभण तपासणी व लसीकरण गुरुवारी सकाळी नऊ वाजता गावच्या दूध संस्थेच्या आवारात होईल. तिला स्वच्छ धुऊन, दाव्याला बांधून आणावे. शंका असल्यास खालील नंबरवर फोन करावा.”

“मला शंका हाय,” चेअरमन म्हणाले. “म्हणून फोन केला.”

हा मेसेज आम्ही अर्ध्या तासापूर्वी सहाशेच्या वर माणसांना पाठवला होता. आम्ही म्हणजे मीच. बटण मीच दाबलं होतं.

मी राजारामपुरीतल्या सात माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. टीम लीड म्हणजे काय ते सोपं आहे. चूक कुणाचीही असो, फोन तिनं घ्यायचा. राधानगरीकडच्या एका छोट्या दूध संघाचं मोबाईल अ‍ॅप आम्ही सांभाळतो. संघाची एक फिरत्या दवाखान्याची गाडी आहे, आणि त्या गाडीवर डॉ. शिल्पा नावाच्या पशुवैद्य आहेत. बारीक चणीची बाई, पण म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून बोलता बोलता निदान सांगते. मला तर बघूनच घाम फुटतो.

सोमवारी या डॉक्टरीणबाई थेट ऑफिसात आल्या होत्या. गुरुवारी त्यांचं शिबिर होतं. आधीची दोन शिबिरं ओस पडली होती. दुसऱ्याला तर अकरा म्हशी आल्या, आणि त्यातली एक चुकून आली होती, शेजारच्या गोठ्यातून सुटून. लसीची बाटली एकदा फोडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते. उरलेली फेकून द्यायची. ते बघून चेअरमननी संघाच्या बैठकीत सांगून टाकलं होतं, तिसरं शिबिरही असंच गेलं तर गाडी बंद. मग वरच्या वाड्यावस्त्यांवरच्या लोकांनी आजारी जनावर टेम्पोत घालून खाली आणायचं, नाहीतर बघत बसायचं.

“लोक येत का नाहीत?” मी विचारलं.

“येतील कसे? तुमचा मेसेज बघा की.” त्यांनी मोबाईल पुढं केला. सगळा इंग्रजी. ‘डिअर मेंबर’, पुढं म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, पुढं तारीख. “मॅडम, म्हशीचा नंबर कुणाला पाठ असतो? त्यांना चंपा माहितीय, रत्ना माहितीय. मालकाचं नाव घाला, म्हशीचं नाव घाला, आणि मराठीत लिहा. एवढं केलंत तर लोक येतील. नाहीतर माझी गाडी गेली.”

आमचे माने सर, म्हणजे कंपनीचे मालक, केबिनमधून बाहेर येत म्हणाले, “अहो, ते तर आपण केलंय! सागरनं केलंय. द्या उद्या सकाळी.”

केलं होतं, हे खरं. पण कुठं केलं होतं, तिथं घोळ होता.

हे जरा समजावून सांगते. आमच्याकडे एकाच सॉफ्टवेअरच्या दोन प्रती चालू असतात. एक लाईव्ह, म्हणजे लोकांच्या मोबाईलमध्ये जी आज चालू आहे ती. दुसरी नवीन, जिच्यावर आमची ठोकाठोक चालू असते. या प्रतींना आम्ही ब्रँच म्हणतो. सागरनं मराठी मेसेज नवीन ब्रँचमध्ये केला होता. पण त्या ब्रँचमध्ये बाकी सगळा राडा होता. अर्धवट स्क्रीन, न चालणारी बटणं. ती अख्खी लाईव्हमध्ये ओतली असती तर अ‍ॅप उघडलंच नसतं. मग अशा वेळी हवा तेवढाच बदल तिकडून उचलून इकडं आणून ठेवायचा. याला चेरी-पिक म्हणतात. परडीतली चांगली चेरी तेवढी उचलावी तसं. कोल्हापुरात चेरी फक्त आइस्क्रीमवर दिसते, पण शब्द तोच आहे.

आता बदल उचलायचा तर तो नीट बांधलेला हवा. प्रोग्रामर काम झालं की ते साठवतो आणि त्यावर एक ओळ लिहितो, काय केलं ते. त्याला कमिट म्हणायचं. एक काम, एक कमिट. जगभर असं चालतं. आमच्या सागरचं तसं नाही.

सागर चौतिशीचा, दोन मुलांचा बाप, हुशार माणूस. एकदा त्याचा लॅपटॉप मध्येच बंद पडला आणि सकाळभराचं काम गेलं. तेव्हापासून त्यानं धसका घेतला. चहावाले मामा कप घेऊन दारात दिसले, की हातात असेल ते, असेल तसं कमिट करायचं आणि मग चहा प्यायचा. आणि वर ओळ काय लिहायची? ‘चहा १’. ‘चहा २’. मध्ये ‘जेवण’. शनिवारी मिसळ आणतो आम्ही, तर एक ‘मिसळ’ पण आहे. त्याचं काम कामाच्या ठिकाणी तुटत नाही, मामा येतील तिथं तुटतं. मी त्याला शंभरदा ओरडले असेन. “मॅडम, आता चहा थांबतोय व्हय?” एवढंच त्याचं उत्तर.

आणि नेमका त्या सोमवारी सागर मेव्हण्याच्या लग्नाला चंदगडला गेलेला. फोन लागेना.

मग मीच बसले. नवीन ब्रँचची यादी उघडली. ‘चहा १’ बघितलं. त्यात मराठी वाक्य होतं, छान, दोन रिकाम्या जागांसकट. पहिल्या जागेत मालक, दुसऱ्या जागेत म्हैस. नंतर ‘चहा २’ उघडलं. तर लॉगिन स्क्रीनचा रंग निळ्याचा हिरवा केलेला, चिन्ह बदललेलं, खाली लांबच लांब तसलंच. आपल्याला काय करायचाय रंग, असं म्हणत मी ते बंद केलं. ‘चहा १’ तेवढं उचललं आणि लाईव्हमध्ये आणून ठेवलं.

टेस्ट केली नाही असं नाही हं. केली. टेस्टसाठी आमच्याकडे एक खोटा सभासद नोंदवलेला आहे. त्याचं नाव टेस्ट. त्याच्या म्हशीचं नावही टेस्ट. मोबाईलवर मेसेज आला, “नमस्कार टेस्ट. आपली म्हैस टेस्ट हिची गाभण तपासणी...” मी माने सरांना दाखवला. सर म्हणाले, “झकास!” मंगळवारी सकाळी दहाला मी सगळ्यांना पाठवून दिला.

तर असा तो चेअरमनांचा फोन आला.

“आण्णा, चूक झाली. लगेच दुरुस्त करते,” मी म्हणाले.

“दुरुस्त काय करतासा? घरच्या पोरानं फोटो काढला, अख्ख्या गावानं स्टेटसला लावलाय माझा मेसेज. आत्ता डेअरीवर आलो, तर एक बेणं मला म्हणतंय, आण्णा, वैरण खाल्ली का?” मागं कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं, आणि त्यावर चेअरमननी जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, “लस आलीया म्हणून गुरुवारचं शिबिर होऊ दे. शुक्रवारपास्नं गाडी बंद. सांगा तुमच्या डॉक्टरीणबाईला.” आणि फोन आपटला.

पाठोपाठ फोनच फोन. एक बाई म्हणाली, तिच्या सासऱ्यांना मेसेज आलाय, त्यांना धुऊन आणायचं का? मी नाही म्हणाले. ती म्हणाली, “आणलं असतं, मॅडम. चार दिस झालं, अंगोळ न्हाय.”

शेवटी सागर सापडला. लग्नघराच्या मागच्या टेकडीवर चढला की रेंज येत होती म्हणे. मागं सनई वाजत होती.

“मॅडम, चहा दोन उचललासा न्हवं?”

“तो लॉगिनचा रंग आहे, सागर!”

“वर रंग हाय. तळाला बघा की. जुन्या मेसेजला नुसता म्हशीचा नंबर जायचा. त्या जागी चहा एकमधे म्हशीचं नाव घातलं, तिच्यामागं मालकाचं. नव्या वाक्यात मालक आधी घेतला, म्हणून नावं पाठवायचा क्रमबी उलटा केलाय. तीन ओळी हायत. वाक्य लिहून झालं आणि मामा आलं, म्हणून त्या पुढच्या चहात गेल्या.”

मी तळापर्यंत गेले. दोनशे ओळींच्या खाली त्या तीन ओळी शांतपणे बसल्या होत्या.

सागरवर चिडायचं होतं, पण कुठल्या तोंडानं चिडणार? यादी मी उघडली होती, वाचायचा कंटाळा मी केला होता. त्या तीन ओळी हातानं उचलून लाईव्हमध्ये लावल्या. यावेळी टेस्टला खरी नावं घेतली. मालक मी. म्हशीला दुसरं नाव सुचेना, समोर सर उभे होते, म्हणून त्यांचं टाकलं. मेसेज आला, “नमस्कार वैशाली. आपली म्हैस माने सर हिची गाभण तपासणी...” सरांनी दोनदा वाचला आणि सुस्कारा सोडला. “आत्ता बरोबर आलं,” म्हणाले.

दुपारी सगळ्यांना माफी मागून दुरुस्त मेसेज गेला. तो कुणी उघडलासुद्धा नाही.

डॉ. शिल्पांना फोन केला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “तीन वर्षं मागं लागून मिळवली होती हो ती गाडी.” मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. गुरुवारी मी स्वतः येते आणि चेअरमनांची सगळ्यांसमोर माफी मागते, असं त्यांना सांगितलं.

गुरुवारी माने सरांच्या गाडीतून आम्ही निघालो. सर सगळ्या वाटेवर भाषणाची तयारी करत होते. गावात शिरलो तर पुढं जाता येईना. मला वाटलं, मोर्चा. चेअरमननी माणसं जमवली.

मोर्चा म्हशींचा होता. संस्थेचं आवार भरून रस्त्यापर्यंत रांग. स्टेटस बघून दोन वाड्यांवरची माणसं जास्तीची आलेली, कुणाला काय मेसेज आला ते एकमेकांना वाचून दाखवत. “ए चंपा, म्होरं सर की!” असं एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला म्हणत होता. जन्मात आमचा एक मेसेज ज्यांनी वाचला नव्हता, त्यांना हा तोंडपाठ होता. डॉ. शिल्पांचे दोन्ही हात कामात होते, त्यांनी मला नुसती मान हलवून जवळ बोलावलं. “अकरा वाजताच लस संपत आलीय, मॅडम. आणखी मागवलीय.”

तेवढ्यात चेअरमन आले. पांढरा सदरा, पिळदार मिशी, मागं रत्ना. गर्दी बाजूला सरली. मी पुढं झाले. “आण्णा, माझी चूक झाली...”

“त्ये ऱ्हाऊ दे. आधी दावं धरा.”

मी दावं धरलं. आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टरीणबाई मागं गेल्या आणि हात घातला. रत्नानं त्याचा राग माझ्यावर काढला. माझ्या पायावर पाय ठेवून ती निवांत उभी राहिली. ओरडायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

“दोन वेतं वाया गेली हिची, गाभणच ऱ्हाईना,” चेअरमन मान फिरवून म्हणाले. “रविवारी बाजारात काढणार हाय.”

“काढू नका,” मागून आवाज आला. “गाभण आहे. चार महिने झालेत.”

चेअरमन वळले. “आँ? खरं सांगतासा?”

“हाताला लागतंय, आण्णा.”

त्यांनी रत्नाच्या कपाळावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे, मी दोन फुटांवर होते, मला दिसलं. आणि त्याच क्षणी मागून कुठलं तरी बेणं खच्चून ओरडलं, “आण्णा गाभण हायत रं!”

चेअरमननी एकदा रांगेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग ते असे हसले, असे हसले, की डोक्यावरची टोपी पडली. मग काय, सगळंच सुटलं. म्हशी बिथरल्या, माणसं हसून हसून वाकली. माने सर भाषणाचा कागद खिशात ठेवून टाळ्या वाजवत होते.

गाडी बंद झाली नाही. अजून फिरते आहे. चेअरमननी निघताना मला बाजूला घेतलं. वाटलं, आता समज देणार.

“मॅडम, पुढच्या शिबिराला त्योच मेसेज लावा. उलटा.”

“अहो आण्णा, ती चूक होती.”

“आसंल की. बरोबर मेसेज वाचतंय कोण?”

तेव्हा आता त्या संघाच्या लाईव्ह ब्रँचमध्ये ती चूक मुद्दाम परत घालून ठेवलेली आहे. उद्या नवा कुणी येऊन दुरुस्त करेल म्हणून वर लिहून ठेवलंय, हात लावू नये, चेअरमननी सांगितलंय. आमच्या धंद्यात चूक काढायला माणसं लागतात. चूक सांभाळायला लागलेली मी पहिलीच असेन.

आता माझ्या हाताखालचे लोक विचारतात, एका ब्रँचमधला बदल दुसऱ्या ब्रँचमध्ये नेताना काय काळजी घ्यायची? मी त्यांना म्हणते, शेजारचं कमिटही उघडा आणि तळापर्यंत वाचा, मग ते कितीही कंटाळवाणं असो. मी दोनशे ओळी वाचायचा कंटाळा केला, आणि सहाशे माणसांना म्हैस करून बसले.