पालथे सासरे आणि आठ कादंबऱ्या

सासऱ्यांना डोळे दोन आहेत, पण डावा लहानपणापासून नावापुरता. पेपर, शब्दकोडं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आणि सुनेने फोडणीत घातलेली जादा मोहरी, हे सगळं काम उजव्याकडे. तो उजवा डोळा त्यांच्या आमच्याकडच्या मुक्कामाच्या पाचव्या आठवड्यात बिघडला. सकाळी चहा घेताना म्हणाले, "अगं, खिडकीला पडदा कधी लावलास? आणि अर्धाच का?"

किवींच्या देशातल्या आमच्या पापाकुऱ्याच्या घरात त्या खिडकीला पडदाच नाही. मी फार्मसिस्ट आहे, तेवढं मला कळलं. चहा तसाच टाकून आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. तो पुन्हा बसवला आणि जागेवर राहावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा वर जाणार. माणूस पालथा असला तर वर म्हणजे डोळ्याची मागची बाजू, आणि पडदा तिथेच असतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी नियम घातले. दोन आठवडे तोंड खाली, तासातली पन्नास मिनिटं. पुढचे दोन आठवडे फक्त झोपताना. बुडबुडा विरेपर्यंत विमान नाही आणि वाचन नाही.

"आणि मान वर केली तर?" सासऱ्यांनी विचारलं. ते जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. साधा प्रश्नही उलटतपासणीसारखा विचारतात.

"मग मी कशाचीच खात्री देऊ शकत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

आयुष्यात कुणापुढे मान खाली न घातलेला माणूस मी घरी आणला आणि तोंडाच्या जागी भोक असलेल्या मालिशच्या टेबलावर पालथा झोपवला. पहिल्या तासात ते दोनदा उठून बसले. तिसऱ्यांदा उठताना मी पकडलं.

"बाबा, डोळा एकच आहे."

"माहितीये. पण गालिच्याकडे किती वेळ बघू? तोही नीट दिसत नाही."

नवरा पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला, "मी येतो संध्याकाळी, बाबा, हँग इन देअर," असं म्हणाला आणि ट्रेन पकडायला पळाला. संकटाच्या वेळी नेमकी ट्रेन असणं ही पुरुषांना मिळालेली देणगी आहे.

सासऱ्यांना पालथं ठेवायचं तर त्यांच्या कानांना काम हवं. आधी ऑडिओबुक लावून बघितलं. दहा मिनिटांत तक्रार आली. "ही बाई थांबतच नाही. हरकत घ्यायची झाली तर कुणाकडे घ्यायची?" ओळखीच्या मराठी घरांतून डबे आले, आणि डब्यांबरोबर सल्ले. हरिपाठ लावा, ज्ञानेश्वरीवरची प्रवचनं लावा. बॉटनी डाउन्सहून एक डॉक्टर मित्र आले. त्यांनी टेबलाखाली वाकून मोठ्याने सांगितलं, "काका, अशा वेळी मन शांत राहील असंच काहीतरी ऐका."

"मन शांत आहे," टेबलाखालून उत्तर आलं. "मान दुखतेय."

शेवटी मी दुकानातून महिन्याची रजा घेतली आणि मीच वाचून दाखवायचं ठरलं. रहस्यकथा हव्यात ही सासऱ्यांची अट. माझी सोळा वर्षांची लेक इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. ती म्हणाली, "नो वे, आजोबा नीड्स फँटसी." मी दोघांचं ऐकलं आणि महिन्याचा आराखडा केला.

आराखडा करण्याबद्दल मला थोडं बोललं पाहिजे, कारण तिथूनच माझं हसं व्हायला सुरुवात झाली. दुकानात आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी आठवड्याच्या गोळ्यांची पाकिटं भरतो. वारानुसार कप्पे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने विचारच करता येत नाही. मी पाच रहस्यकथा आणि तीन फँटसी अशा आठ कादंबऱ्या लायब्ररीतून आणल्या, पानं मोजली, दिवसांवर वाटली आणि तक्ता फ्रिजवर लावला. सकाळी नाश्त्यानंतर खून, चाळीस पानं. संध्याकाळी जेवणाआधी ड्रॅगन, तीस पानं. रविवारी उजळणी. लेकीने तक्ता वाचला आणि विचारलं, "मम, साइड इफेक्ट्स कुठे लिहिलेत?"

मी वाचणार मराठीत, म्हणजे इंग्रजी पुस्तक समोर धरून तिथल्या तिथे भाषांतर.

"इंग्रजीतच वाच की," सासरे म्हणाले. "मला कळतं. निकालपत्रं काय मोडीत यायची?"

"नको बाबा, आजारपणात आपल्या भाषेत ऐकलेलं बरं वाटतं."

हे वाक्य मी इतक्या मायेने उच्चारलं की मलाही ते खरं वाटलं. खरी गोष्ट अशी, की पहिली रहस्यकथा मी चाळून बघितली होती. अकराव्या पानावर लोक वाइन पीत होते आणि एकोणिसाव्या पानावर एक विवाहित बाई आणि तिचा प्रियकर एका बोटीवर जे करत होते ते सासऱ्यांना वाचून दाखवणं शक्य नव्हतं. सतरा वर्षं झाली मला या देशात. कामावर 'किया ओरा' असा इथला नमस्कार करून दिवस सुरू करते, उन्हाळ्यात टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून बीचवर जाते, लेकीला नको त्या वयात नको ते सगळं समजावून सांगितलंय. पण सासऱ्यांसमोर माझा पदर आपोआप सावरला जातो, आणि मी तर ट्रॅक पँटमध्ये असते.

तेव्हा मी सुधारणा केली. वाइनचं सरबत झालं. बोटीवरची दोन पानं एकदम उलटली. आणि प्रियकराला मी त्या बाईचा मावसभाऊ केला.

मावसभाऊ फार सोयीचा. तो घरात कधीही येऊ शकतो, नवरा नसताना चहा पिऊ शकतो, बाई रडली तर खांद्यावर हात ठेवू शकतो. पहिल्या आठवड्यात मला स्वतःच्या हुशारीचा गर्व वाटायला लागला. बाईच्या नवऱ्याचा खून झाला, पोलीस आले, मावसभावाने पोलिसांना सरबत दिलं. सासरे पालथे पडून "हं, पुढे," म्हणत होते. डोळा खाली होता. सगळं तक्त्याप्रमाणे चाललं होतं.

संध्याकाळच्या फँटसीत तर मला काही झाकावंच लागलं नाही, तिथे सगळे एकमेकांचे गळे कापत होते. म्हातारा राजा मेला होता, गादीसाठी सात घराणी भांडत होती आणि डोंगराखाली ड्रॅगन झोपला होता. मला वाटलं होतं, हे असलं सासरे दोन मिनिटं ऐकणार नाहीत.

"राजाने मृत्युपत्र केलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मग थोरल्या सुनेच्या मुलाला डावलून धाकट्याला गादी कशी देतात? हरकत नोंदवली का कुणी?"

"पुढे ड्रॅगन येतो."

"ड्रॅगन येऊ दे. वारसाचं आधी सांग."

चार दिवसांत सातही घराण्यांची वंशावळ त्यांना पाठ होती. मला कोण कुणाचा काका तेच कळेना, आणि ते टेबलाच्या भोकातून मला दुरुस्त करायचे. "तो नव्हे. तो नदीत सोडलेला. हा दाईने वाढवलेला." लेक शाळेतून आली की आधी आजोबांना विचारायची, "हू डाइड टुडे?" आणि आजोबा ती यादी तिला मराठीत द्यायचे. दोघांची गाडी मस्त चालली होती, दोन भाषांत.

आठव्या दिवशी, शनिवारी, रहस्यकथा संपली. म्हणजे मी ती संपवायला गेले.

शेवटच्या प्रकरणात तपास करणारी बाई सगळ्यांना दिवाणखान्यात जमवते आणि खुनी कोण ते सांगते. खुनी अर्थातच मावसभाऊ. प्रेयसीसाठी त्याने तिच्या नवऱ्याला वाइनमधून विष घातलं होतं. पुस्तकात याचं कारण अगदी स्पष्ट होतं. माझ्याकडे मात्र कारण उरलंच नव्हतं. मी वाचता वाचता घाम पुसला आणि म्हटलं, "...तर मावसभावाने इस्टेटीसाठी खून केला."

टेबलाखालून उलटतपासणी सुरू झाली.

"इस्टेट कुणाची?"

"नवऱ्याची."

"नवरा मेला तर इस्टेट बायकोला. मावसभावाला काय मिळालं?"

"काही नाही, पण..."

"मग खून का केला?"

"बहिणीवर माया होती."

टेबल करकरलं. सासरे दोन्ही हातांवर जोर देऊन उठले आणि सरळ बसले. मान वर. पांढरी पट्टी बांधलेला डोळा थेट माझ्याकडे.

"बाबा! मान खाली! या तासातली दहा मिनिटं केव्हाच संपली!"

"तू काहीतरी लपवते आहेस."

"बाबा, प्लीज. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? आधी आडवे व्हा, मग बोलू."

"आधी खरं सांग, मग मान."

मी त्यांचे खांदे धरले. ते हलले नाहीत. आठ दिवस जपून ठेवलेला तो पडदा, आतला तो बुडबुडा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर सरकायला लागलं. जन्माचा डोळा एका पारड्यात, आणि दुसऱ्यात बोटीवरची ती दोन पानं, आणि मी तोलत बसले होते. याला संस्कार म्हणतात की मूर्खपणा हे मी तेव्हा ठरवू शकले नाही. आता ठरवलंय.

लेक सोफ्यावर होती. सासऱ्यांनी तिच्या दिशेने हात केला. "पोरी, ते पुस्तक घे. जसं छापलंय तसं वाच."

तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पानं मागे उलटली आणि फिसकन हसली. "कझिन? आजोबा, ही इज हर बॉयफ्रेंड! दे वेअर टुगेदर लाइक हीप्स ऑफ टाइम्स. देअर्स अ बोट!"

मी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावलेला नव्हता, तरी कुकरकडे बघत उभी राहिले. बाहेर माझी मुलगी खणखणीत किवी इंग्रजीत तिच्या आजोबांना बोटीवरचा प्रसंग वाचून दाखवत होती. अर्ध्यात थांबून म्हणाली, "आजोबा, स्किप धिस बिट? इट्स क्रिंज."

"वाचू नकोस ते, कळलं मला," सासरे म्हणाले. मग टेबल पुन्हा करकरलं. ते आडवे झाले होते.

मी परत आले तेव्हा आवाज भोकातूनच आला, पण आता रागाचा नव्हता. "अगं, चाळीस वर्षं सेशन्सच्या फायली हाताळल्या मी. पंचनामे, जबान्या, सगळं या डोळ्याखालून गेलंय. तुला काय वाटलं, आमच्या जिल्ह्यात लोक मावसबहिणीच्या मायेने खून करायचे?"

"तुम्हाला कसं वाटेल म्हणून..."

"मला?" ते म्हणाले. "लाजत तू होतीस. नाव माझं पुढे केलंस."

मी दिवसभर दुकानात लोकांच्या हातात कसल्या कसल्या गोष्टींची औषधं देते आणि डोळ्याची पापणी हलवत नाही. आणि घरात बसलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला मी दुधावर ठेवलं होतं. त्यांच्या सोवळेपणाची सगळी जबाबदारी मी परस्पर घेतली होती. त्यांना विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मी जसं छापलंय तसं वाचलं, इंग्रजीत. दुसऱ्या रहस्यकथेत प्रकरण सहा फारच अवघड होतं. मी ते गोळ्यांचे दुष्परिणाम वाचून दाखवते त्या आवाजात, न थांबता, भिंतीकडे बघत वाचलं. सासरे ऐकून म्हणाले, "वर्णन लांबलंय. पुराव्याच्या दृष्टीने पहिली ओळ पुरेशी होती." नवरा नेमका तेव्हाच घरात शिरला होता. तो बूट न काढता पुन्हा बाहेर गेला आणि कचऱ्याचे डबे लावत बसला.

तक्ता मात्र केव्हाच कोलमडला. महिन्याच्या शेवटी आठापैकी अडीच कादंबऱ्या झाल्या होत्या, आणि त्यातलं अर्धं पुस्तक ड्रॅगनचं. रहस्यकथा सासऱ्यांनी बंदच करायला लावल्या. खुनी कोण हे कळलं की त्यांच्या लेखी फाइल बंद, पण गादीचा वाद चिघळत होता. आम्ही रोज तीसच्या जागी दहा पानं वाचायचो आणि वीस पानांइतकं भांडायचो. मी थोरल्या सुनेच्या बाजूने, ते कायद्याच्या बाजूने, लेक ड्रॅगनच्या.

मला वाटतं, लग्नानंतरच्या वीस वर्षांत आम्ही दोघं इतकं कधीच बोललो नव्हतो. माझी पाठ त्या महिन्यात कायमची दुखायला लागली, कारण पहिले दोन आठवडे मी जमिनीवर बसून वाचायचे, त्यांना आवाज खालून बरा येतो म्हणून. पण त्याबद्दल मी तक्रार केलेली नाही. निदान पाचपेक्षा जास्त वेळा केलेली नाही.

महिन्याने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बुडबुडा विरला होता. पडदा बसलाय असं त्यांनी आत बघून सांगितलं, पण दिसतंय किती ते अक्षरांचा तक्ताच सांगणार होता. खोली अंधारली. समोर तक्ता उजळला. डावा डोळा झाकला. मी मागच्या खुर्चीत पर्स छातीशी धरून बसले.

वरचं मोठं अक्षर सासऱ्यांनी वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरीला थोडे रेंगाळले, तीही वाचली. चौथ्या ओळीत दोन अक्षरं झाली आणि ते थांबले.

त्यांनी मान किंचित तिरकी केली. मला ते तिसरं अक्षर लख्ख दिसत होतं. एक महिना झाला होता मला त्यांच्यासाठी वाचायची सवय लागून. तोंड आपोआप उघडलं आणि मी म्हटलं, "बाबा, ते..."

"गप्प बस," सासरे मागे न बघता म्हणाले. "मला वाचू दे."

आणि त्यांनी वाचलं. हळूहळू, एकेक अक्षर. पाचवी ओळ नाही जमली.