बारशाच्या दिवशी बंद झालेली सीमा

पुण्याच्या नोकरीसाठी मी घर सोडलं त्या सकाळी कर्नाटकातल्या आमच्या निपाणीच्या स्टँडवर आमचं सगळं घर आलं होतं. आव्वा, म्हणजे माझी आई, चिकोडीकडची. तिचं माहेर कन्नड, त्यामुळं ती बसच्या खिडकीशी येऊन "होगि बा" म्हणाली. जाऊन ये. आप्पा मात्र मराठीचे कट्टर. तरुणपणी सीमाभागाच्या आंदोलनात घोषणा देत फिरलेले. ते म्हणाले, "तिथली भाषा आपलीच हाय. पर त्यास्नी तू आपली वाटणार न्हाईस. वाईट वाटून घिऊ नगंस." धाकटा भाऊ सन्मती माझी ट्रंक टपावर चढवून खाली उतरला आणि बसच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आप्पांचं खरं झालं. ऑफिसमध्ये मी पहिल्याच आठवड्यात "लई" म्हणाले आणि सगळं टेबल हसलं. "तू कर्नाटकातली ना, मग मराठी कशी येते?" हे मला अजूनही कुणीतरी विचारतं. मीही बदलले. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर मी पुण्याची मराठी बोलायला शिकले. माझे मित्रही माझ्यासारखंच वाचणारे, माझ्यासारखंच मत देणारे झाले. देशातल्या एका मोठ्या पुढाऱ्याबद्दल आम्ही कॅन्टीनमध्ये तासभर बोलायचो आणि कुणाचंच कुणाशी भांडण व्हायचं नाही.

भांडण व्हायचं ते घरी. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. सहाला ताटं उचलली की पुढची सगळी संध्याकाळ टीव्हीपुढं मोकळी. आप्पांचं मत ठरलेलं, सीमाभागाचा जो उमेदवार उभा असेल तो. मग तो पडो. सन्मतीला मात्र त्या मोठ्या पुढाऱ्यानं भारून टाकलं होतं. त्याचं भाषण लागलं की तो आवाज वाढवायचा आणि मी रिमोट शोधायचे.

एका निवडणुकीच्या वेळी मी मत द्यायला गावी गेले होते, तेव्हा ते हाताबाहेर गेलं. मी म्हटलं, "तुम्हाला नेता नको, देव पाहिजे. त्याला प्रश्न विचारलेलाही चालत नाही तुम्हाला."

सन्मती उठून उभा राहिला. "बंगळूरला आमी मराठी. मुंबईला आमी कर्नाटकातले. आमचं कोण ऐकतंय, सांग की! ह्यो एकटा माणूस आमास्नी नुस्तं भारतीय म्हणतोय. तुला काय त्याचं? तू तर गेलीस निघून."

शेवटचं वाक्य मला लागलं. त्याला माझं पहिलं लागलं असणार. सकाळी मी पुण्याची बस धरली आणि वाटेतच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. त्यानंतर कित्येक महिने आम्ही बोललो नाही. त्याची बायको पद्मा बाळंत झाली, मुलगी झाली, हेही मला आव्वानंच फोनवर सांगितलं. बारशाचंही तिनंच कळवलं. आमच्याकडं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"तू आल्याबिगर नाव ठिवायचं न्हाय म्हंतोय त्यो," आव्वा म्हणाली.

"मग फोन करायला काय झालं त्याला?"

"त्यो न्हाय करायचा," ती म्हणाली. "तू तरी कुटं करतीस?"

मी निघाले. नेमकं त्याच दिवशी भाषेच्या वादावरून कुठं तरी एका गाडीला काळं फासलं होतं, मग दुसऱ्या बाजूनंही फासलं, आणि दुपारी सीमेच्या अलीकडं, कागलच्या स्टँडवर आमची बस थांबली. "फुडं बस सोडंनात," कंडक्टर म्हणाला. "उतरून घ्या." घर तिथून जेमतेम अर्ध्या तासावर आणि हातात झबल्यांची पिशवी. मला रडूच यायला लागलं. टीव्हीवर ज्या प्रश्नावर लोक ओरडतात त्यानं मला असं भर उन्हात रस्त्यावर उतरवलं होतं. मी सन्मतीला फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला.

"कुटं हाईस?"

"कागलला. बस पुढं जात नाही."

"तितंच थांब."

तो मोटारसायकलवर आला. बारशाचा नवा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. पिशवी पुढं घेतली आणि एवढंच म्हणाला, "बस, आक्का." सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं हात केला. माझ्याकडं बघून कन्नडमध्ये विचारलं, ह्या कोण? "नम्म अक्का री," सन्मती म्हणाला. आमची आक्का. मुलीचं नाव ठेवायचंय, हेही त्यानं सांगितलं. पोलीस हसला आणि जा म्हणाला.

नाका ओलांडल्यावर सन्मतीनं तोंड उघडलं. "बगितलंस? वर एक कणखर माणूस पायजे. एका दमात मिटवंल ह्ये."

"आणि त्यानं तुझ्या मनाविरुद्ध मिटवलं तर? मग कुणाला विचारशील?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. मला वाटलं, आता उतरवतोय. पण तो म्हणाला, "त्ये बी हाय म्हणा." थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "तू गेलीस निघून, आसं म्हणायला नको हुतं मी. ट्रंक चढवली तवा मलाच लई वाईट वाटलंतं." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नाव तूच ठरीव," तो म्हणाला. "फकस्त कुठल्या पुढाऱ्याचं नगं." दोघंही इतके हसलो की शेतातल्या बायका वळून बघायला लागल्या.

दिवस मावळायला तासभर असतानाच मी बाळाच्या कानात 'राजुल' म्हटलं. रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीत बायकांचे धपाटे बसले. जेवताना आप्पा, सन्मती आणि मी पुन्हा भांडलो, आव्वा कन्नडमध्ये तिघांनाही रागावली, आणि पद्मानं सगळ्यांना आणखी एक-एक पुरणपोळी वाढली.

सन्मतीचं मत बदललं नाही, माझंही नाही. पण एक ठरलं: निकालाच्या दिवशी ज्याचा नेता जिंकेल त्यानं गप्प राहायचं, हरलेल्यानं वाटेल तेव्हा फोन करायचा. मागच्या निकालाला मी हरले. संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही, मग फोन केला. त्याच्या मागं फटाके वाजत होते. त्यानं खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. "राजुलला दात आला, आक्का," तो म्हणाला आणि बराच वेळ तेवढंच सांगत राहिला.

गाव सोडून गेलेल्यांनो आणि गावात राहिलेल्यांनो, पुण्यात माझ्या मताची माणसं मला पुष्कळ भेटली. घर मात्र मी त्यालाच म्हणते, जिथं माझं म्हणणं साफ चुकीचं वाटणारा माणूस माझ्यासाठी खिडकी लावून घेतो.