मुलीचं गुंतवळ

मुलगी वारली त्या दिवशी मी नांदेडच्या कार्यशाळेत एका शिल्पाला डोळे बसवत होतो. वासराच्या धडावर माणसाचा चेहरा, असे जिवंत वाटणारे प्राणी मी बनवतो. कंगव्यातून निघालेलं मुलीचं गुंतवळ बायकोने डब्यात जपलं होतं. तिला न विचारता मी त्यातला एकेक केस सुईने त्याच शिल्पातल्या वासराच्या डोक्यात रोवला. लातूरच्या प्रदर्शनात लोक म्हणाले, "लई जित्तं दिसतंय." बायकोने त्या केसांवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाप हाव तुम्ही, अन् लेकीचा भांग ठाऊक न्हाई. डावीकडं पाडायची ती." वासरू तिथंच कुणीतरी विकत घेतलं. बायको आता मुखेडला माहेरी राहते. माझ्याकडे रिकामा डबा आहे.